फाल्गुन-चैत्रातील सण व मुलांचे वाचन

वाचता येणे आणि वाचलेले कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील. परंतु घरात मूल वाचावयास बसले, की त्याचा विसर पडतो. नऊ वर्षांची मुलगी पाठ्यपुस्तकातील उतारा न अडखळता, स्वल्पविरामाशी थांबून, खणखणीत आवाजात वाचून दाखविते आणि ऐकणारी वडील मंडळी समाधान पावतात. पुस्तक मिटावयास लावून "आता काय वाचलेस ते सांग पाहू" असे विचारले, म्हणजे मात्र ती गप्प बसते, किंवा उताऱ्यातील शेवटचे वाक्य जसेच्या तसे म्हणून मोकळी होते. अक्षरे तिने वाचली, शब्दही उच्चारले; अर्थ मात्र कागदावरच राहिला.

तिसरी-चौथीपर्यंत ही उणीव झाकून जाते, कारण तोपर्यंतच्या पुस्तकांत अर्थ चित्रांनी आणि शिक्षकांच्या बोलण्याने पुरविलेला असतो. पुढे इतिहास, भूगोल, शास्त्र यांची पुस्तके हाती आली, म्हणजे ती उघडी पडू लागते. गणितातील शाब्दिक उदाहरणे चुकू लागली, की मुलाचे गणित कच्चे आहे असा निकाल दिला जातो आणि गणिताची शिकवणी लावण्यात येते. बेरीज-वजाबाकी त्यास उत्तम येत असते. उदाहरणात काय विचारले आहे तेवढेच कळलेले नसते. बिचाऱ्यास मंदबुद्धी वा निष्काळजी ठरविणे सोपे जाते, आणि एकदा तसे ठरले म्हणजे मूल स्वतःही ते खरे मानू लागते.

मग अर्थ कळतो तो कसा? साधा समज असा, की अर्थ हा शब्दांत भरून ठेवलेला असतो, आणि शब्द नीट वाचले म्हणजे तो बाहेर येतो. वास्तविक, लिहिणारा पुष्कळसे न लिहिताच सोडीत असतो. जे वाचणाऱ्यास ठाऊक असणार असे त्यास वाटते, ते तो गाळतो. आणि गाळलेले वाचणाऱ्याने आपल्या पदरचे घालून भरून काढावयाचे असते. पुढील चार ओळी पाहाव्या:

"पाडव्याच्या आदल्या दिवशी आजीने कळकाची काठी धुऊन पुसून भिंतीशी उभी केली. कडुनिंबाची डहाळी काकांनी सायंकाळीच आणून पाण्यात ठेवली. सकाळी गुढी सजविताना गाठीची माळ नेमकी धाकट्याच्या नजरेसमोर आली. आईने ती सोडून आणखी हातभर वर बांधली."

आईने माळ वर का बांधली, असा प्रश्न मुलांस विचारावा. उत्तर उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही. तरीही पाडवा साजरा करणाऱ्या घरातील सात वर्षांचे मूल क्षणाचाही विलंब न लावता सांगते, की नाही तर धाकट्याने ती खाल्ली असती. गाठी साखरेची असते, ती गोड लागते, धाकट्या मुलाचा हात तिच्याकडे जाणारच, आणि पूजा होण्यापूर्वी ती खावयाची नसते, इतक्या चार गोष्टी त्या मुलाने स्वतःच्या पदरच्या घातल्या. ज्याने गाठी कधी पाहिलीच नाही अशा वाचकाने तेच वाक्य कितीही शुद्ध उच्चारले, तरी त्याच्या हाती काहीच लागणार नाही. फार तर माळ पवित्र असल्यामुळे उंच बांधली असा तो तर्क करील. तर्क वाईट नाही, पण धाकट्याचा उल्लेख कशासाठी आला हे त्यातून उलगडत नाही.

विषयाची ओळख असली म्हणजे समजण्यात किती फरक पडतो, हे प्रयोगांनीही दिसून आले आहे. १९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांस बेसबॉलच्या सामन्यातील अर्ध्या डावाचे वर्णन वाचावयास दिले. नंतर लहानशा मैदानाच्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून, वाचलेला प्रसंग त्यांजकडून करवून घेतला. एरवी वाचनात कच्ची गणलेली, पण त्या खेळाची चांगली माहिती असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळाविषयी अजाण अशा मुलांहून सरस ठरली. ज्या घरात क्रिकेटची वर्णने रोज वाचली जातात, तेथे याचे फारसे आश्चर्य वाटावयास नको. एरवी पुस्तकाकडे न पाहणारा मुलगा धावसंख्येची सबंध हकीकत एका दमात वाचून, कोणाची चूक कोठे झाली ते बिनचूक सांगतो, हे पुष्कळांच्या पाहण्यातले आहे.

त्याहून जवळचा प्रयोग १९७९ सालचा. इलिनॉय विद्यापीठातील मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी दोन पत्रे तयार केली, एकात अमेरिकन विवाहाचे वर्णन, दुसऱ्यात भारतीय विवाहाचे. दोन्ही पत्रे अमेरिकन आणि भारतीय अशा दोन्ही वाचकांस वाचावयास दिली. प्रत्येकाने आपल्याकडील विवाहाचे पत्र अधिक वेगाने वाचले, त्यातील अधिक तपशील लक्षात ठेवला, आणि परक्या विवाहाच्या हकीकतीत नकळत फेरफार केले. अमेरिकन वधूने आजीचा विवाहवेष घातला होता. तिकडे ती अभिमानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाने ते आठवून सांगताना म्हटले, की वधू दिसत होती ठीक, पण तिचा पोशाख जुना आणि प्रचारातून गेलेला होता. शब्द सर्व समजले होते, वाक्येही समजली होती. वाक्यांमागचा रिवाज तेवढा ठाऊक नव्हता.

यावरून मुलांच्या वाचनास आरंभ कोठून करावा हे ठरविता येते. ज्या विषयात मुलाजवळ पदरचे पुष्कळ आहे, तेथून. आणि मराठी घरातील मुलाजवळ असा साठा फाल्गुन पौर्णिमेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या सुमारे दीड-पावणेदोन महिन्यांत जितका ताजा असतो, तितका क्वचितच असतो. होळी, धुळवड, रंगपंचमी, पाडवा, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, रामनवमी, हनुमानजयंती हे सण एकामागून एक येतात. ते नुसते ऐकावयाचे वा पाहावयाचे नसतात. त्यांत हाताने करावयाचे, नाकाने हुंगावयाचे आणि जिभेने चाखावयाचे असे बरेच असते. कडुनिंबाचा पाला गूळ, ओवा, हिंग व मीठ घालून वाटलेला ज्याने तोंड वाकडे करून गिळला आहे, त्यास 'कडू घोट' या शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. दिवाळीसही असे पुष्कळ असते हे खरे. परंतु चैत्रापर्यंत वर्षाचे शिक्षण पदरी पडलेले असते, त्यामुळे मूल काय वाचू शकते आणि काय नाही याचा अंदाज घरच्यांस आलेला असतो.

अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी तर चैत्रांगण हे तयार पुस्तकच आहे. चैत्रगौर झोपाळ्यावर बसली म्हणजे दारात रोज रांगोळीने ते काढावयाचे: मध्यभागी गौर, भोवती सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, तुळशीवृंदावन, नाग, कासव, अंबारीचा हत्ती, करंडा, पणती. प्रत्येक खुणेस अर्थ आहे, आणि खूण पाहून अर्थ ओळखणे हेच तर वाचनाचे मूळ. चार वर्षांच्या मुलीस "कासव कोठे आहे?" असे विचारणे हा आरंभ झाला. "सूर्य आणि चंद्र दोन्ही एकदम का काढले?" हा प्रश्न त्यापुढचा, कारण त्याचे उत्तर बोटाने दाखविता येत नाही. शहरातील सदनिकांत अंगण राहिलेले नाही. पण उंबऱ्याबाहेरच्या हातभर फरशीवर वा पाटावरही चैत्रांगण मावते. बाजारी छाप उठवून क्षणात रांगोळी उरकली, तर मात्र मुलास विचारण्यासारखे आणि सांगण्यासारखे फार थोडे उरते.

वाचता येऊ लागलेल्या मुलांसाठी पाककृतीसारखा उत्तम पाठ दुसरा नाही. शाळेतील शिक्षणात तिला मान नाही, याचे नवल वाटते. कविता चुकीची समजली तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पाककृती चुकीची समजली तर सगळ्या घराला कळते. चैत्राच्या हळदीकुंकवास आंबेडाळ आणि पन्हे लागते. आंबेडाळीची कृती कागदावर लिहून दहा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी: हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवावी, निथळून भरड वाटावी, कैरीचा कीस, ओले खोबरे, मिरची, मीठ, थोडी साखर घालून कालवावी, वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. आता त्यास इतकेच विचारावे, की बायका सायंकाळी पाच वाजता यावयाच्या असतील तर डाळ केव्हा भिजत घालावी?

हा प्रश्न वरवर गणिताचा दिसतो, पण खरा तो वाचनाचा आहे. उत्तर देण्यासाठी 'चार-पाच तास' हे शब्द सापडणे पुरत नाही; वाटणे, किसणे, फोडणी यांसही वेळ लागतो हे कृतीत न लिहिलेले लक्षात घ्यावे लागते. "बारा वाजता" असे मूल म्हणाले, तर त्याने वाचले पण कृती डोळ्यांपुढे आणली नाही. "सकाळी दहापर्यंत" असे म्हणाले, तर त्याने आजीस स्वयंपाकघरात वावरताना पाहिलेले कागदावरील शब्दांशी जोडले. 'भरड' या शब्दावरही असेच थांबावे. ज्या मुलास तो अडला नाही, त्यास तो समजलाच असेल असे धरून चालू नये. पुष्कळ मुले न समजलेला शब्द न अडखळता ओलांडून जातात, आणि ओघाने वाचणारी मुले तर विशेषच. डाळ वाटताना चिमूटभर हातावर घेऊन दाखविली, म्हणजे 'भरड' जन्मभर पक्का होतो.

येथपर्यंत परिचयाची बाजू झाली. परंतु परिचय जसा उपकारक, तसा तो फसवाही असतो, आणि सणांचे पाठ घेणारे शिक्षक व पालक बहुधा याच ठिकाणी चुकतात. ओळखीचा विषय दिसला, की हुशार मूल वाचावयाचे सोडून आपल्या घरचे सांगू लागते. होळीवरील धड्याखालील प्रश्नांची उत्तरे धडा न वाचताही बरोबर देता येतात. त्यातून मुलास होळी ठाऊक आहे इतकेच सिद्ध होते. म्हणून उतारा असा निवडावा वा स्वतः रचावा, की ज्यात ओळखीच्या सणाचे अनोळखी रूप आलेले असेल. उदाहरणार्थ, कोकणातील शिमगा:

"होळी पेटली त्या रात्री थोरला भाऊ गावी होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो मुंबईस परतला. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत त्यांच्या दारी आली ती पाचव्या दिवशी. आईने देवीची ओटी भरली. पालखी पुढे गेल्यावर तिने एक नारळ फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिला."

नारळ कशासाठी ठेवला, असे विचारले असता पुण्या-मुंबईकडील पुष्कळ मुले चटकन म्हणतील, "होळीत टाकावयास." त्यांच्या वाड्यात वा चाळीत होळीला नारळ वाहतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण येथे होळी पेटून पाच दिवस झाले आहेत, आणि ही गोष्ट उताऱ्यात स्वच्छ लिहिली आहे. लक्षपूर्वक वाचणारे मूल थांबते. थोरला भाऊ पालखीपूर्वीच गेला, त्यास देवीचे दर्शन घडले नाही, आईने प्रसादाचा नारळ त्याच्यासाठी राखून ठेवला, असा धागा ते जुळविते. कोकणात पालखी नाचविण्याची, ती घरोघर नेण्याची चाल आहे आणि नोकरीनिमित्त मुंबईस राहिलेली माणसे तिच्यासाठी गावी धाव घेतात, हे त्यास पूर्वी ठाऊक नसले तरी चालते. आता उताऱ्यावरून ते कळते. जे ठाऊक होते त्याच्या साहाय्याने जे ठाऊक नव्हते ते मिळविणे, ही वाचनाची खरी कमाई. चुकलेल्या मुलास "चूक" असे म्हणून पुढे जाऊ नये. "हे तुला कोठे लिहिलेले आढळले?" एवढाच प्रश्न करावा व बोट उताऱ्यावर ठेवावयास लावावे. बहुतेक मुले तेवढ्यानेच स्वतःशी हसतात आणि पुन्हा वाचू लागतात.

मुलानेच शिक्षकाची जागा घेणे हाही एक चांगला उपाय आहे. १९८४ साली अ‍ॅनमरी पॅलिंक्सर व अ‍ॅन ब्राऊन यांनी वाचता येणाऱ्या पण अर्थात मागे पडलेल्या विद्यार्थ्यांवर तो करून पाहिला आणि त्यांच्या समजुतीत स्पष्ट सुधारणा झाली. पाळीपाळीने एकाने शिक्षक व्हावयाचे, परिच्छेद झाल्यावर इतरांस प्रश्न विचारावयाचा, सार सांगावयाचे, अडलेले उलगडावयाचे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधावयाचा. घरात दोन भावंडे व एक आजी असली म्हणजे एवढी शाळा सहज भरते. आजीने मात्र सर्वज्ञ असल्याचे सोंग टाकून, तिला खरोखरच न कळलेले विचारावे. नातवाच्या पुस्तकात तसे पुष्कळ सापडते.

सणांनी भाषेस दिलेल्या शब्दांचीही येथे आठवण होते. 'सभेत नुसता शिमगा झाला' हे वाक्य वर्तमानपत्रात वाचणाऱ्या मुलास ती सभा फाल्गुनात भरली होती काय, असा प्रश्न पडला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. होळीभोवतीचा आरडाओरडा त्यास आठवून दिला म्हणजे अर्थ आपोआप उमगतो, आणि 'शिमगा सरला तरी कवित्व उरते' ही म्हणही मग दूर राहत नाही. 'विजयाची गुढी', 'संसाराची होळी' हे प्रयोग असेच. 'गुढी' हा शब्द इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीतही आला आहे, तेथे तो ध्वज या अर्थाचा; गुढीवरील वस्त्र वाऱ्यावर फडफडताना पाहिलेल्या मुलास हे सांगितले तर पटते.

वाचनाचा आणखी एक प्रकार शाळांत फारसा शिकविला जात नाही, तो म्हणजे कोष्टक वाचण्याचा. पाडव्यास पंचांगाचे पूजन व वाचन करण्याची चाल आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगे हल्लीच्या घरात कोणी फारशी वाचीत नाही. पण भिंतीवर दिनदर्शिका असतेच. जुन्या दिनदर्शिका जपून ठेवलेल्या असल्यास अकरा-बारा वर्षांच्या मुलासमोर तीन वर्षांच्या ठेवाव्या व पाडवा शोधावयास सांगावा. २०२३ साली तो २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला. एकदा अठरा दिवस पुढे गेला, एकदा दहा दिवस मागे आला. असे का? उत्तर त्याच पानांत आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात; आणि २०२३ सालच्या पानांवर जुलै-ऑगस्टमध्ये 'अधिक श्रावण' असा एक जादा महिना सापडतो, त्याने पुढचा पाडवा एकदम पुढे ढकलला. ज्या मुलाने हे स्वतः शोधले, त्यास पानावरील लहान अक्षरांतील मजकूरही वाचण्यासारखा असतो हे कळले. त्याच पानावरून शके १९४७, विश्वावसु संवत्सर हेही त्याने वाचावे, आणि २०२५ मधून ७८ वजा करून पाहावे. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही चैत्र आहेच. पण तो सौर असल्यामुळे त्याची पहिली तारीख २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, ठरलेली असते. दोन निराळ्या गोष्टींस एकच नाव असू शकते, हा धडा पुढे कोणत्याही विषयात उपयोगी पडतो.

आणि मग सर्वांत अवघड पायरी येते. गुढी का उभारतात? एका पुस्तकात लिहिलेले असते, की ब्रह्मदेवाने या दिवशी सृष्टी निर्माण केली. दुसऱ्यात, की रामचंद्र वनवासातून अयोध्येस परतले. तिसऱ्यात, की शालिवाहनाने मातीच्या सैनिकांत प्राण घालून शत्रूंवर विजय मिळविला. तिन्ही वाचलेल्या मुलाने काय समजावे? पुष्कळ घरांत यांपैकी एक निवडून बाकीच्यांविषयी मौन पाळले जाते. शाळेत तिन्ही पाठ करवून घेतात, म्हणजे परीक्षेत कोणतेही विचारले तरी उत्तर तयार. दोन्ही रीतींनी मुलाचे नुकसान होते. कारण परस्परांशी न जुळणारे मजकूर समोर येणे हीच मोठेपणीच्या वाचनाची नित्याची अवस्था आहे, आणि तिची सवय करून घेण्यास याहून निरुपद्रवी जागा मिळणे कठीण.

म्हणून मुलास तिन्ही उतारे एकाच बैठकीत द्यावे आणि त्यांत क्रियापदे कशी आहेत ते पाहावयास सांगावे. 'असे म्हणतात', 'अशी आख्यायिका आहे', 'पुराणात सांगितले आहे', 'झाले', 'घडले' यांत फरक आहे, आणि हा फरक दहा वर्षांच्या मुलास दाखविला तर दिसतो. चलाख मूल येथे विचारील, की राम अयोध्येस परतले ते तर दिवाळीत असे हिंदीच्या पुस्तकात आहे. हा प्रश्न दडपू नये. उत्तरेकडे तो प्रसंग दिवाळीशी जोडतात, महाराष्ट्रात पाडव्याशीही जोडला गेला, इतके सांगितले म्हणजे पुरे. हिंदी पुस्तकाने आणखीही एक गोंधळ होतो. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यात चैत्र लागलेला असतो, आणि घरच्या दिनदर्शिकेत पाडव्यापर्यंत फाल्गुनच चाललेला. पुस्तक चुकलेले नसते. उत्तरेत महिना पौर्णिमेस संपतो, महाराष्ट्रात अमावास्येस. मधला पंधरवडा दोन्हीकडे तोच, नाव तेवढे निराळे.

शालिवाहनाविषयी मोठ्या मुलांस याहून थोडे अधिक सांगावयास हरकत नाही. शकाचा आरंभ इ. स. ७८ पासून धरतात. त्याचा मूळ संबंध इतिहाससंशोधक कुशाण वा शक क्षत्रप राजांशी लावतात, आणि शालिवाहनाचे नाव त्यास पुष्कळ शतकांनंतर जोडले गेले. यामुळे मुलाचा सणावरील लोभ कमी होतो अशी भीती काहींस वाटते. ती निराधार दिसते. मातीच्या सैनिकांची गोष्ट खोटी ठरली म्हणून गाठीची गोडी कमी झालेली कोणत्याही मुलाच्या बाबतीत दिसून आलेली नाही. उलट गोष्ट आणि इतिहास ही दोन खाती त्याच्या मनात निराळी झाली, म्हणजे त्यास दोन्हींचा आनंद निराळा घेता येतो.

शहरातील शाळेत एकाच बाकावर निरनिराळ्या घरची मुले बसतात, याचाही वाचनास उपयोग करून घेता येईल. पारशी घरात २१ मार्चला जमशेदी नवरोज असतो, सिंधी घरात पाडव्याच्या सुमारास चेटीचंड, वसईच्या ख्रिस्ती घरात ईस्टर व त्यापूर्वीचे उपवासाचे चाळीस दिवस. गोव्यात हिंदूंच्या शिगम्याच्या आगेमागे ख्रिस्ती लोकांचा इंत्रुज. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या सणावर दहा ओळी लिहाव्या आणि त्या शेजाऱ्यास वाचावयास द्याव्या. वाचणाऱ्याजवळ येथे पदरचे फार थोडे असते, म्हणून प्रश्न त्याच्याकडूनच येतात: उपवास चाळीसच दिवस का? अंडे कशासाठी रंगवितात? आणि लिहिणाऱ्यास प्रथमच कळते, की आपण काय काय न लिहिताच गृहीत धरले होते. पाडव्यावर लिहिणारा मुलगा 'गुढीवर तांब्या पालथा घालतात' एवढे लिहितो. काठी केवढी, ती कोठे उभारतात, तांब्या कशासाठी, पालथाच का, हे शेजारचा विचारतो. ज्या मुलास हे प्रश्न एकदा दुसऱ्याने विचारले, ते पुढे दुसऱ्याचे लिहिलेले वाचताना तेच प्रश्न स्वतः विचारू लागते.

एवढ्या सर्वांस वेळ किती द्यावा? हे सण वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतात, आणि पालकांचे लक्ष तेव्हा गुणांकडे असते. दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटे, एक लहान उतारा, दोन प्रश्न, त्यांतील एक असा की ज्याचे उत्तर उताऱ्यात लिहिलेले नाही, इतके पुरते. तासभर बसविले की सणाचा धडा होतो, आणि मूल पुढच्या वर्षी गुढी पाहताच पळ काढते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' घरात असावे. त्यातील चैत्रावरील लेख एका बैठकीत संपणारा नाही, आणि त्यातील झाडांची नावे खिडकीबाहेर पाहून पडताळावी लागतात. रस्त्याकडेच्या कडुनिंबास मोहोर आलेला असतोच, तेथून प्रारंभ करता येईल.